धुलाईखात्यातलं लॅटिन

मिस ऑर्फा टेलफेअर यांनी आयुष्यभर लॅटिन शिकवलं, पण सरकारी कागदांवर त्या आमच्या कॉलेजच्या धुलाईखात्याच्या प्रमुख होत्या. या खातेप्रमुखांना स्वतःचा हातरुमालसुद्धा धड इस्त्री करता येत नसे. एकदा ख्रिसमसला त्यांनी तो प्रयोग केला होता. रुमालाच्या मधोमध इस्त्रीच्या आकाराचं भोक पडलं आणि बाई तो रुमाल पुढे कितीतरी दिवस घडीची बाजू बदलून वापरत राहिल्या.

हे असं का होतं ते कळायला आमच्या कॉलेजची जन्मकथा माहीत हवी. आमचं कॉलेज राज्याने प्रेमापोटी काढलेलं नाही. गोऱ्यांच्या कॉलेजला वॉशिंग्टनहून अनुदान हवं होतं आणि वॉशिंग्टनची अट अशी होती की काळ्या मुलांनाही शिकवा. काळी मुलं आपल्या बाकावर येऊन बसण्यापेक्षा त्यांना वेगळी जागा दिलेली बरी, असा विचार करून राज्याने टॉलिव्हर गावाबाहेरची एक लाल मातीची टेकडी आम्हाला दिली. त्या टेकडीवर चरायला शेळ्यासुद्धा कुरकुरत. वर सांगितलं, इथे शेती शिका, सुतारकाम शिका आणि मुलींनो, तुम्ही कपडे धुवायला शिका. आमचे आजे-पणजे गुलामीत तेच तर करत आले होते आणि तेही कोणी न शिकवता. मग त्यासाठी कॉलेज कशाला, हा प्रश्न मोठ्याने विचारायची त्या काळी सोय नव्हती. आमच्या पहिल्या प्राचार्यांनी तो विचारलाच नाही. त्यांनी मान डोलावली, अनुदान घेतलं आणि धुलाईखात्याच्या पगारावर लॅटिनच्या बाई नेमल्या. लोहारकामाच्या पगारावर पदार्थविज्ञान आलं, कुक्कुटपालनाच्या पगारावर इतिहास. रोमन साम्राज्याचा ऱ्हास आम्हाला ज्या मास्तरांनी शिकवला, त्यांची नेमणूक अंडी उबवण्यासाठी झाली होती.

टेलफेअरबाई उंच, काटकुळ्या आणि नखशिखांत भित्र्या. गडगडाट, गाई, वाऱ्याची झुळूक, उघडी खिडकी, अनोळखी मोटार, यांतल्या कशानेही त्यांच्या तोंडचं पाणी पळे. वर्गात शिरण्याआधी त्या व्हरांड्याची दोन्ही टोकं पाहत, मग रस्त्याकडची खिडकी लावत, मग दार लावत आणि मग कडी बसली का हे ओढून बघत. एवढं झालं की शिकवणं सुरू. आवाज चढवायचीही त्यांना भीती, म्हणून त्यांनी वर्गाला एक सवय लावली होती. त्यांनी टेबलावर बोटाच्या पेराने दोनदा टकटक केली की आम्ही सगळ्यांनी त्या दिवशीच्या क्रियापदाची सगळी रूपं एका सुरात म्हणायची. झोपेत जरी टकटक ऐकली तरी आमच्या तोंडून रूपं बाहेर पडत. वसतिगृहात कोणी दार ठोठावलं की आतून आधी क्रियापद यायचं आणि मग "कोण आहे?"

त्यांना इस्त्री न येण्यालाही कारण होतं. त्यांची आई गोऱ्यांचे कपडे धूत असे. आधी मालकिणीचे, आणि गुलामी संपल्यावर त्याच मालकिणीचे, पण पैसे घेऊन. त्या माउलीने मुलीच्या बाबतीत एकच हट्ट धरला होता, हिने इस्त्रीला हात लावायचा नाही. मुलगी इस्त्रीजवळ गेली तर ती लाकडी पळीने हातावर मारी. त्या इस्त्रीच्या जोरावर तिने मुलीला ओहायोपर्यंत पाठवून पदवीधर केलं. बाईंचे हात मऊ होते, गोरेगोमटे नव्हेत पण मऊ, आणि त्या मऊपणाचा त्यांना अभिमान होता. तेच हात पुढे सगळ्यांच्या जिवावर उठले.

दर वसंतात राज्याची एक समिती आमची पाहणी करायला येई. त्या आठवड्यात टेकडीवरून सगळं शहाणपण गायब व्हायचं. लॅटिनची पुस्तकं मळक्या चादरींच्या ढिगाखाली जात, पृथ्वीचा गोल डुकरांच्या खोपटात जाई आणि पदार्थविज्ञानाचे मास्तर तोंडाला काजळी फासून भात्यापाशी बसत. टेलफेअरबाई पांढरं एप्रन बांधून धुलाईखान्याच्या दारात उभ्या राहत, डोळे जमिनीवर, हात एप्रनखाली. समितीचे गोरे साहेब नाकाला रुमाल लावून दारातूनच आत बघत, "छान, छान" म्हणत आणि तळलेल्या कोंबडीच्या वासाच्या दिशेने निघून जात. जेवणानंतर आमचं गायनपथक जुनी भक्तिगीतं म्हणे. साहेब लोक डोळे पुसत आणि पुढच्या वर्षाचं अनुदान मंजूर करत. अशी कितीतरी वर्षं सुखात गेली. म्हणजे आमच्याकडे ज्याला सुख म्हणत, त्या सुखात.

एकोणीसशे एकतीस साली समितीला नवे चेअरमन आले, जज्ज हॅलिबर्न. त्यांच्याआधी त्यांची कीर्ती टेकडीवर पोचली. राज्याच्या उत्तर भागात आमच्यासारखीच एक शाळा होती. जज्ज तिथे गेले, सुतारकामाच्या शिक्षकाच्या हातात रंधा दिला आणि म्हणाले, "दाखव." तो बिचारा मनाने आणि शिक्षणाने गणिताचा माणूस. त्याने फळीऐवजी स्वतःचा अंगठा तासला. जज्जनी स्वतःचा रुमाल काढून त्याच्या अंगठ्याला बांधला म्हणे. पुढच्या महिन्यात शाळेचं अनुदान थांबलं, सगळे शिक्षक देशोधडीला लागले, आणि प्राचार्यांच्या घरासमोर कोणीतरी काहीतरी जाळल्यावर त्यांनी बायकामुलांसह शिकागोची गाडी पकडली. त्या शाळेच्या वर्गांत आता राज्याची खेचरं बांधतात.

आमच्याकडे पाहणीला आठवडा उरलेला असताना रेल्वेच्या डब्यात साहेबांची ऊठबस करणारा, आमच्यातलाच एक पोर्टर टेकडी चढून आला. आमच्या राज्यातल्या गोऱ्यांच्या मनात काय आहे हे वर्तमानपत्रांच्या आधी या पोर्टरांना कळत असे, कारण कॉफी ओतणाऱ्या माणसाला कान असतात हे साहेबांच्या कधी लक्षातच आलं नाही. तो थेट प्राचार्य मॉस यांच्या खोलीत गेला. मॉस साहेब गोल, घामट, आणि वर्षातून एकावन्न आठवडे रुबाबदार. बावन्नाव्या आठवड्यात ते पाठीला पोक काढून चालत.

"टॉलिव्हरला धुलाईखात्याची एक बाई आहे, इतकी वर्षं पगार घेते आहे," पोर्टर म्हणाला. "जज्ज म्हणत होते, तिचे हात बघायचे आहेत. आपला कोट तिच्याकडून इस्त्री करून घेणार आहेत. समोर उभं राहून."

मॉस साहेबांनी टेलफेअरबाईंना बोलावलं. बाईंनी ऐकून घेतलं आणि खुर्चीच्या पाठीला धरून हळूच खाली बसल्या. खुर्चीवर नाही, जमिनीवर.

"व्हायनीला उभी करू या," मॉस साहेब म्हणाले. व्हायनीमावशी म्हणजे खरोखरचा धुलाईखाना चालवणारी बाई, पिंपाएवढा घेर आणि पिंपासारखाच आवाज. "ती टेलफेअर म्हणून उभी राहील."

"पेटिग्रू साहेब मला दरवर्षी बघतात," बाई जमिनीवरून म्हणाल्या. पेटिग्रू हे समितीचे जुने सदस्य. "गेल्या वर्षी त्यांनी मला पेपरमिंटची गोळी दिली होती."

"खाल्लीत?"

"नाही. ठेवली आहे."

बाईंचा चेहरा बदलता येत नव्हता आणि जज्जचा बेत बदलता येत नव्हता. उरली फक्त इस्त्री.

त्याच दुपारी शिकवणी सुरू झाली. आमच्या लॅटिनच्या वर्गाला शिकाऊ मुलं म्हणून तिथे उभं राहायचं होतं, त्यामुळे तो सगळा प्रकार आम्ही डोळ्यांनी पाहिला. एरवी हसून हसून मेलो असतो. त्या आठवड्यात कोणी हसलं नाही. हसायला आलं की खेचरं डोळ्यांपुढे येत.

धुलाईखान्यात मधोमध मोठी शेगडी, तिच्यावर ओळीने लोखंडी इस्त्र्या तापत ठेवलेल्या. एक थंड झाली की ती ठेवायची आणि दुसरी उचलायची. व्हायनीमावशीने एक उचलली, तिच्यावर थुंकली, चर्र झालेलं ऐकलं आणि म्हणाली, "ही झाली. आता तुम्ही."

"थुंकू?" बाईंनी विचारलं.

"मग काय, पत्र लिहून विचारणार आहात तिला?"

बाईंनी तोंडासमोर हात धरून, पाहुणी खोकते तसा, एक नाजूक प्रयत्न केला. इस्त्रीला काही कळलंच नाही.

"राहू दे," मावशी म्हणाली. "मी थुंकेन, तुम्ही फिरवा. अहो, घट्ट धरा. इस्त्री आहे ती, साप नाही."

पहिल्या दिवशी तीन उशांचे अभ्रे गेले. दुसऱ्या दिवशी मॉस साहेबांचा रविवारचा शर्ट गेला, आणि तो साहेबांनी स्वतः आणून दिला होता. बाई इस्त्री ठेवत आणि घाबरून थांबत, आणि थांबलं की कापड जळे. मावशी ओरडे, "थांबू नका!" की त्या दचकून आणखीच थांबत.

"याला ठेका लागतो," मावशी शेवटी म्हणाली. "आम्ही बायका गाण्यावर इस्त्री करतो. हात गाण्याबरोबर जातो, डोकं मध्ये येत नाही. तुमचं डोकं फार मध्ये येतं. गा काहीतरी."

बाईंनी एक भजन सुरू केलं. व्हायनीमावशीसारखी बाई, जिने गिरणीचे भोंगे ऐकत आयुष्य काढलं होतं, तिने कानावर हात ठेवले. "पुरे. तुम्हाला येतं तरी काय असं, जे विचार न करता म्हणता येतं?"

बाईंनी खिडकीकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं आणि ओठांतल्या ओठांत पुटपुटायला लागल्या. त्या आठवड्यात वर्गात आमचं जे क्रियापद चाललं होतं तेच. तिमेओ, तिमेस, तिमेत. तिमेमुस, तिमेतिस, तिमेन्त. मी भितो, तू भितोस, तो भितो. आम्ही भितो, तुम्ही भिता, ते भितात. आणि काय सांगू, इस्त्री चालायला लागली. तिमेओला पुढे, तिमेसला मागे, तिमेतला कोपरा. अभ्रा शाबूत राहिला. मावशीने तो उजेडात धरून पाहिला.

"ठीक आहे," ती म्हणाली. "पण त्या दिवशी हे मनात म्हणायचं. त्याच्यासमोर याचं एक अक्षर जरी तोंडातून बाहेर पडलं, तर मी तुम्हाला ओळखत नाही. आणि तुम्ही," ती आमच्याकडे वळली, "तुम्ही मुकी मुलं आहात. जन्मतः मुकी."

समिती आली तो दिवस उकाड्याचा होता. मॉस साहेब पोक काढून पुढे, मागे साहेब लोक. जज्ज हॅलिबर्न आम्ही कल्पना केली होती तसे राक्षसासारखे नव्हते. बुटके, स्वच्छ, अंगात पांढरा लिननचा कोट आणि आवाज इतका मऊ की ऐकायला वाकावं लागे. ओरडणारा माणूस निदान कुठे आहे ते कळतं.

"तूच ऑर्फा का?" त्यांनी विचारलं.

"होय, साहेब," आमच्या बाई म्हणाल्या. त्यांना ऑर्फा म्हणणारं कोणी आम्ही तोवर ऐकलं नव्हतं. आम्हाला वाटे की बाईंना नुसतं नाव नसावंच.

"हात दाखव."

बाईंनी हात एप्रनखालून काढले. आठवड्याभरात त्यांच्यावर चांगले तीन-चार डाग पडले होते, बोटांची टोकं भाजून काळवंडली होती. जज्जनी हात उलटेपालटे करून पाहिले, जसा घोड्याचा खूर पाहतात. मग कोट काढला आणि टेबलावर पसरला.

"प्रवासात चुरगळला आहे," ते म्हणाले. "कर बघू."

मावशीने हळूच शेगडीवरची एक इस्त्री चाखून पाहिली, म्हणजे थुंकून, आणि मान हलवली. बाईंनी ती उचलली. टेबलाच्या कडेला इस्त्री टेकवायची लोखंडी चकती होती. बाईंनी धीर गोळा करायला इस्त्री तिच्यावर टेकवली. हात कापला, इस्त्री उडाली आणि चकतीवर वाजली.

टक टक.

आम्ही जन्मतः मुकी मुलं होतो. पण टकटक ती टकटक. आमच्यातल्या एकाचंही डोकं मध्ये आलं नाही.

"तिमेओ, तिमेस, तिमेत," सगळा वर्ग एका सुरात गरजला, "तिमेमुस, तिमेतिस, तिमेन्त."

मग आम्हाला आमचंच ऐकू आलं. धुलाईखान्यात शेगडीतल्या कोळशाचा आवाज तेवढा राहिला. मॉस साहेबांचा चेहरा राखेसारखा झाला, त्यांचे ओठ काहीतरी म्हणत होते आणि ती प्रार्थना होती की शिकागोच्या गाडीची वेळ, देव जाणे. बाई इस्त्री हातात धरून उभ्या होत्या. त्यांचे डोळे मिटले होते, मान थोडी पुढे झुकली होती, जशी फटका पडण्याआधी झुकते.

आणि व्हायनीमावशीने टाळी वाजवली.

एक टाळी, मग एक पाय आपटला, मग तिच्या पिंपातून आवाज निघाला, "हो, माझ्या देवा, तिमेओ!" आणि तिने आमच्याकडे अशा नजरेने पाहिलं की मेलेला माणूससुद्धा ठेक्यावर आला असता. आम्ही आलो. "तिमेओ, तिमेस!" टाळी. "तिमेत, हो देवा!" टाळी. आम्ही डावीकडे झुललो, उजवीकडे झुललो. कुणीतरी खालचा सूर धरला, मुलींनी वरचा. चर्चमध्ये वाढलेली मुलं आम्ही, आम्हाला रेल्वेचं वेळापत्रक दिलं तरी त्याचं गाणं केलं असतं. मरणाच्या भीतीने तर फार चांगलं होतं. आणि बाईंचा हात, जो गाण्यावर कधी चालला नव्हता, तो चालायला लागला. तिमेओला बाही, तिमेमुसला पाठ, तिमेन्तला कॉलर. डोळे मिटलेलेच. गालांवरून पाणी. एकदाही थांबल्या नाहीत.

कोट झाला तेव्हा गाणंही संपलं. पेटिग्रू साहेब रुमालाने डोळे टिपत होते.

"हेच," ते म्हणाले, "माझी दाई मला हेच गाणं म्हणून निजवायची. आफ्रिकेतलं आहे ना हे? कोणती भाषा?"

"फार जुनी आहे, साहेब," व्हायनीमावशी म्हणाली. "आता बोलणारं कोणी उरलं नाही."

जज्ज हॅलिबर्न डोळे टिपत नव्हते. गाणं चालू असताना त्यांनी काठीने ठेका धरला होता आणि सगळा वेळ ते बाईंच्या तोंडाकडे पाहत होते. आता त्यांनी कोट घातला, बाही निरखली, कॉलर बोटाने चाचपली.

"बऱ्याच दिवसांत अशी इस्त्री झाली नव्हती," ते म्हणाले. मग तोच मऊ आवाज आणखी मऊ झाला. "माझे शर्ट दर आठवड्याला गाडीने येतील. हिनेच करायचे. आणि हे गाणं म्हणतच करायचे, ऑर्फा. मी अधूनमधून ऐकायला येईन."

ते कोंबडी खायला गेले. बाई इस्त्री शेगडीवर ठेवून भिंतीला टेकल्या आणि कुणी काही विचारायच्या आत त्यांना उलटी झाली.

अनुदान मंजूर झालं. पुढच्याच आठवड्यात स्टेशनवरून जज्जच्या शर्टांची टोपली आली आणि मग येतच राहिली. टोपली आल्यावर शर्ट परत जाईपर्यंत बाई लॅटिनच्या वर्गात जाऊ शकत नसत, म्हणून लॅटिनचा वर्ग धुलाईखान्यात आला. इतक्या वर्षांत प्रथमच वर्गाची खिडकी लावून घेण्याची गरज उरली नव्हती, कारण बाहेरून ऐकणाऱ्याला आत गाणं चाललेलं वाटे. क्रियापदं संपली तशा विभक्त्या आल्या, विभक्त्यांवरून आम्ही सीझरच्या लढायांवर गेलो, आणि सगळं टाळ्यांवर. एका टोकाला खळ कालवायची, दुसऱ्या टोकाला वाक्याचा अर्थ लावायचा. त्या खोलीतून जी मुलं बाहेर पडली त्यांच्यासारखं लॅटिन आमच्या कॉलेजात त्याआधी कुणाला येत नव्हतं आणि नंतरही कुणाला आलेलं नाही. त्यांतली बरीचशी स्वतःचे शर्टही फार सुरेख इस्त्री करतात.

पण त्यामुळे कुणाची भीती गेली असेल तर ती आमची गेली. बाईंची नाही. एका प्रश्नाने त्यांना धरलं होतं. जज्जना कळलं होतं का?

शिक्षकांच्या खोलीत यावर वर्षानुवर्षं वाद चाले. मॉस साहेब म्हणत, "शक्यच नाही. कळलं असतं तर आज इथे खेचरं असती." इतिहासाचे, म्हणजे कोंबड्यांचे, मास्तर म्हणत, "अहो, तो वकिली शिकलेला माणूस. त्याला शाळेत वेताच्या छडीने लॅटिन शिकवलं असणार. न कळायला तो पेटिग्रू आहे का?"

"त्यांना कळलं आहे," टेलफेअरबाई म्हणत.

"मग बंद का नाही केलं?"

"बंद केलं असतं तर आपल्याला एकदाच भीती वाटली असती."

जज्ज खरोखर येत. कधी येतील याचा नेम नसे. मोटार खाली पेकनच्या झाडांत सोडून पायी येत आणि दारात उभे राहत. आम्हाला पाठीमागून गार वारा आल्यासारखं वाटे आणि वळलं की ते असत. टोपी हातात, काठी काखेत. पहिल्यांदा आले तेव्हा आम्ही त्याच क्रियापदाच्या भविष्यकाळावर आलो होतो, तिमेबो, तिमेबिस, मी भिईन, तू भिशील, आणि तेच चाललं होतं. जज्जनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"गेल्या खेपेला शब्दांचे शेवट वेगळे होते," ते म्हणाले, आणि गेले.

त्या रात्री टेकडीवर कुणीही जेवलं नाही. मॉस साहेबांनी सामान बांधलं. सकाळ झाली, काहीच झालं नाही. सोमवारी नेहमीसारखी टोपली आली. शर्टांवर एक पेपरमिंटची गोळी ठेवलेली होती. ती चुकून पडली होती, की पेटिग्रू साहेबांच्या गोळीची गोष्ट जज्जना कुणी सांगितली होती, की त्यांच्या घरच्या कुणा लहान मुलाने टाकली होती, काही कळायला मार्ग नव्हता. बाईंनी ती चिमट्याने उचलून शेगडीत टाकली आणि सगळ्या खोलीला दिवसभर पेपरमिंटचा वास येत राहिला.

बाई म्हाताऱ्या होत गेल्या. हात कडक झाले, डागांवर डाग पडले. आईने लाकडी पळीने मारून जे हात राखले होते ते शेवटी व्हायनीमावशीच्या हातांसारखे दिसायला लागले. मला एकदा त्या म्हणाल्या होत्या की आई स्वप्नात येते, पण काही बोलत नाही, नुसती हातांकडे बघते. त्यांच्या हातून एकही शर्ट कधी जळला नाही. जळला असता तर काय झालं असतं, हे त्या रोज रात्री बारकाईने कल्पून पाहत, अगदी खेचरांच्या रंगापर्यंत.

मग लढाई सुरू झाली आणि संपली, आणि त्यानंतरच्या हिवाळ्यात जज्ज हॅलिबर्न वारले. त्या वेळी मी त्याच कॉलेजात शिकवायला लागलो होतो, कागदोपत्री गवंडीकाम. टोपली त्या आठवड्यातही आली. आत एकच शर्ट होता, नवाकोरा, पांढरा. जज्जना पुरताना अंगात घालण्यासाठी घरच्यांनी पाठवला होता.

व्हायनीमावशी आता काठी टेकत चाले. ती बाकावर बसून बघत होती. बाईंनी तो शर्ट पसरला, कितीतरी वेळ नुसतं त्यावर पाणी शिंपडलं.

"आता कुणाला घाबरता, बाई?" मावशी म्हणाली. "तो गेला. करा कसाही. वाटलं तर जाळा, कोटाखाली कुणाला दिसतंय."

"शवपेटी उघडी ठेवणार आहेत, व्हायनी," बाई म्हणाल्या. "सगळा जिल्हा वाकून बघणार. ती कॉलर बघ जरा, पिवळी पडली का?"

शर्ट गेला. दुसऱ्या दिवशी मॉस साहेब धुलाईखान्यात आले, पाठ अगदी ताठ. लढाईवरून परतलेली मुलं त्या वर्षी टेकडीवर आली होती, त्यांना कुणाचीच भीती वाटत नव्हती आणि त्याचा परिणाम प्राचार्यांवरही झाला होता. ते म्हणाले, "मिस टेलफेअर, वरच्या मजल्यावरची मोठी खोली मी तुमच्यासाठी झाडून घेतली आहे. काळा फळा लावला आहे. दारावर लॅटिन असं लिहून पाटी लावतो. आता उघडपणे शिकवा."

बाई खिडकीशी गेल्या. खाली रस्ता रिकामा होता, पेकनची झाडं रिकामी होती.

"नवे चेअरमन कोण?" त्यांनी विचारलं.

"अजून ठरलं नाही."

"मग ठरेपर्यंत इथेच बसू," बाई म्हणाल्या. त्यांनी वर्गाला पुस्तकं काढायला सांगितलं आणि शेगडीवरच्या इस्त्र्या एका ओळीत नीट लावल्या. टोपली रिकामी होती. बाईंनी इकडेतिकडे पाहिलं आणि मग प्राचार्यांच्या अंगावरच्या कोटाकडे हात केला.

"तो द्या इकडे," त्या म्हणाल्या. "आणि तुम्ही जरा दारात उभे राहा. रस्ता दिसला पाहिजे."

मॉस साहेबांनी कोट काढून दिला, आणि नुसत्या शर्टावर, थोडी मान पुढे काढून, ते दारात जाऊन उभे राहिले.